पियासेच्नोच्या रेब्बेंची ती टीप : श्रद्धा ढळली, की फक्त उत्तर मागे घेतले?

उत्तररात्र (धागालेखक)

नाझींनी ज्यूंना कोंडले त्या वॉर्सा घेट्टोतील हसिदी (ज्यूंच्या एका भक्तिमार्गी पंथाचे) गुरू, म्हणजे रेब्बे, कालोनिमस काल्मन शापिरा यांच्याविषयी दोन ठरीव मते वाचायला मिळतात. भाविकांच्या लेखी ते शेवटपर्यंत अढळ राहिलेले सत्पुरुष आहेत, तर काही अभ्यासकांच्या मते १९४२ संपता संपता त्यांची श्रद्धा मोडून पडली होती. मला दोन्ही मते घाईची वाटतात.

ज्यांना हे नाव नवे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जन्म १८८९. पियासेच्नो या वॉर्साजवळच्या गावाचे रेब्बे. १९२३ मध्ये त्यांनी वॉर्सात ‘दाअस मोशे’ ही धर्मपाठशाळा काढली आणि मुलांना धाकाने नव्हे, तर त्यांच्या आतल्या ओढीने शिकवावे असा आग्रह धरला. सप्टेंबर १९३९ च्या बॉम्बवर्षावात त्यांचा एकुलता मुलगा जखमी होऊन वारला, तो ज्या रुग्णालयात होता त्याच्या बाहेर सून मारली गेली आणि पाठोपाठ आईही गेली. तरीही जेल्ना रस्त्यावरील ५ क्रमांकाच्या त्यांच्या घरात प्रार्थना होत राहिली, गरिबांसाठी अन्नछत्र चालले आणि ते प्रवचने देत राहिले. बोलणे यिडिशमध्ये असे, आणि शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी, लिहिणे निषिद्ध असल्यामुळे तो उलटल्यावर ते सारे हिब्रूत उतरवून काढीत.

डिसेंबर १९४१ मध्ये, हनुक्का या ज्यूंच्या दिव्यांच्या सणाच्या प्रवचनात, त्यांनी श्रद्धा डळमळलेल्यांना स्पष्ट शब्दांत फटकारले. अशी संकटे पूर्वी कधी आलीच नव्हती असे म्हणणारे चुकतात, जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस आणि रोमनांनी केलेला बेतार शहरातील ज्यूंचा संहार आठवा, त्यांविषयी वाचताना जी श्रद्धा ढळली नाही ती आताच का ढळावी, असा त्यांचा प्रश्न होता. त्याच मजकुराला २७ नोव्हेंबर १९४२ रोजी त्यांनी टीप जोडली. तिचा आशय असा, की हे विधान हिब्रू वर्ष ५७०२ च्या अखेरपर्यंतच्या, म्हणजे साधारण १९४२ च्या उन्हाळ्यापर्यंतच्या, यातनांपुरतेच खरे आहे. त्यानंतर जे घडले त्याला आपल्या माहितीत कोठेही तोड नाही. टीप संपते ती मात्र देवाने आम्हांला क्षणात सोडवावे या याचनेने. माझ्या मते त्यांनी येथे फक्त एक उत्तर मागे घेतले. ज्याच्याशी बोलायचे त्याच्याशी बोलणे सोडले नाही.

तर्ककर्कश

सहमत नाही. टीपेच्या शेवटची याचना ही रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, लेखनातली रूढ पद्धत आहे, तिच्यावर एवढा डोलारा उभारता येत नाही. जुलै १९४२ नंतरचे एकही प्रवचन उपलब्ध नाही, हा त्याहून मोठा पुरावा आहे. ज्या माणसाचे सारे कार्य बोलण्यातून चालत होते त्याचे गप्प होणे आपण सोयीस्करपणे बाजूला ठेवता. शिवाय ज्यांना त्यांनी फटकारले त्यांचे काय? मुले गमावलेल्या, उपाशी माणसांना ‘तुमचे म्हणणे चूक आहे’ असे सांगितले गेले. पुढे २२ जुलैपासून दोन महिन्यांत अडीच लाखांहून अधिक लोक ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेले गेले, आणि दुरुस्ती लिहिली गेली ती नोव्हेंबरात. ती ऐकायला त्यांच्यापैकी किती जण उरले होते?

उत्तररात्र

ते गप्प झाले असे आपण म्हणता, पण बोलायचे कोणापुढे? शेवटचे प्रवचन १८ जुलैचे आणि हद्दपारी सुरू झाली २२ जुलैला. त्यानंतर ते घेट्टोतल्या शुल्ट्झ या जर्मन उद्योजकाच्या कारखान्यात कामगार म्हणून तगून होते. सभाच उरली नाही, तेव्हा प्रवचन थांबले यात श्रद्धेचा निवाडा शोधणे मला पटत नाही. फटकारण्याविषयीचा आपला आक्षेप मात्र गंभीर आहे.

शेवंता

आपण दोघेही १९४२ वर अडून बसला आहात. संकट तेव्हा सुरू झाले नाही. ४ नोव्हेंबर १९३९ चे, म्हणजे घरातली माणसे गेल्यावर काही आठवड्यांतच दिलेले, प्रवचन पाहा. अब्राहाम मुलाचा बळी द्यायला निघाला त्या प्रसंगाला लागूनच तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, त्याची पत्नी सारा हिच्या मृत्यूची वार्ता येते, आणि मुलाचे वर्तमान ऐकून तिचा प्राण गेला असे परंपरा मानते. रेब्बे म्हणतात, की हे दोन प्रसंग मोशेने (परंपरेनुसार तोरा लिहिणाऱ्याने) मुद्दाम शेजारी ठेवले, कारण त्याला देवाला सांगायचे होते, की दुःख मर्यादेबाहेर गेले तर माणूस त्याने शुद्ध होत नाही, मोडतो. पुढे जाऊन ते असेही सुचवतात, की साराने स्वतःच्या मृत्यूनेच ही तक्रार देवापुढे मांडली. मुलगा नुकताच गमावलेला बाप हे बोलतो आहे. श्रोत्यांना दुसऱ्या कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज पडली असेल असे वाटत नाही. ही तक्रार मोशेच्या तोंडी घालून, धर्माच्या चौकटीत राहूनच केलेली आहे, त्यामुळे ‘अढळ’ आणि ‘मोडलेली’ हे दोन्ही शब्द मला येथे अपुरे पडताना दिसतात.

फेब्रुवारी १९४२ मधले प्रवचनही विसरू नये. देव आपल्या अंतर्दालनात रडतो, आणि जो माणूस आपले दुःख घेऊन तेथवर पोचतो तो त्याच्याबरोबर रडून पुन्हा उपासनेची ताकद मिळवतो, असे ते सांगतात. अन्नछत्र आणि हे चिंतन मी वेगळे काढू शकत नाही. दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागता यावे, यासाठीच ते होते.

तर्ककर्कश

रडणारा देव सुंदर आहे, पण पोटाला उपयोगाचा नाही. आणि जो फक्त रडतो त्याच्याकडे ‘क्षणात सोडव’ अशी याचना करण्यात विसंगती आहे, ती रेब्बेंनी सोडवलेली नाही. अशा प्रवचनांनी माणसे शांत राहिली, प्रतिकाराला उशीर झाला, हेही बोलायला हवे.

जुनीकागदपत्रे

शेवटचे वाक्य अन्यायाचे आहे. घेट्टोतली लढाऊ संघटना उभी राहिली तीच २८ जुलै १९४२ रोजी, हद्दपारी सुरू झाल्यावर. पक्षांचे, संघटनांचे अनुभवी कार्यकर्ते जेथे तोवर एकत्र येऊ शकले नाहीत, तेथे विलंबाचे खापर एका प्रवचनकारावर फोडणे बरे नव्हे.

दुसरे असे, की हे कागद आपल्यापर्यंत आले ते घेट्टोतील इतिहासकार रिंगेलब्लूम यांच्या ‘ओनेग शब्बात’ या गुप्त दफ्तरामुळे. ३ जानेवारी १९४३ ची तारीख असलेल्या पत्रात रेब्बेंनी, हस्तलिखिते पॅलेस्टाइनमधील आपल्या भावाकडे पोचवून छापावीत, अशी विनंती केली आहे. दुधाच्या कॅनमध्ये पुरलेला तो भाग डिसेंबर १९५० मध्ये नोवोलिप्की रस्त्यावरच्या ढिगाऱ्याखाली सापडला आणि १९६० मध्ये इस्रायलमध्ये छापून आला. मूळ पानांवर खाडाखोड, समासातल्या भरी आणि मागाहून केलेले बदल आहेत, असे २०१७ च्या संशोधित आवृत्तीने दाखवले. तेव्हा सभेत नेमके काय बोलले गेले हे छापील मजकुरावरून छातीठोकपणे सांगताना दोन्ही बाजूंनी जरा जपून राहावे.

अवांतर : छापून आल्यावर भाविकांनी ती टीप वगळली नाही, याचे मला कौतुक वाटते.

शेवंता

यातूनच एक प्रश्न निघतो. इतरत्र इतकी खाडाखोड करणाऱ्या माणसाने हनुक्काचे ते फटकारणे का खोडले नाही? सरळ काट मारली असती तर आज कोणाला कळलेही नसते. जुने वाक्य तसेच ठेवून त्याखाली तारखेसह टीप लिहिणे, हे श्रद्धा गमावलेल्या माणसापेक्षा आपल्या शब्दांची जबाबदारी घेणाऱ्या गुरूचे काम मला वाटते.

तर्ककर्कश

जबाबदारी घेतली, हे मान्य करतो. पण ती कागदावर घेतली, आणि ज्यांच्यापुढे घ्यायची ते तोवर गेले होते. पुढे १९४३ च्या घेट्टोतील सशस्त्र उठावानंतर त्यांनाही त्राव्निकीच्या छावणीत नेले आणि बहुधा ३ नोव्हेंबर १९४३ च्या कत्तलीत ते मारले गेले. त्या अखेरच्या महिन्यांत त्यांचा देवाशी काय संवाद होता, हे सांगणारा कागद नाही. धाग्याच्या शीर्षकातील प्रश्नाचे उत्तर नोव्हेंबर १९४२ पर्यंतच देता येईल, आणि तेवढ्यापुरते मी ‘उत्तर मागे घेतले’ हे मानायला तयार आहे, ‘बोलणे सोडले नाही’ हे नाही.