मदत हवी आहे: गावात 'पैसे वाटण्याचा' प्रयोग कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी. एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी औसा तालुक्यातल्या एका गावात अल्टिमेटम गेम घ्यायचा आहे. खेळ सोपा आहे: एकाला शंभर रुपये द्यायचे, त्यानं दुसऱ्याला किती द्यायचे ते सांगायचं. दुसऱ्यानं नाकारलं तर दोघांच्याही हाती भोपळा.

याच खेळात पेरू देशातल्या माचिगुएंगा लोकांनी सरासरी २६ टक्केच देऊ केले आणि समोरच्यांनी ते बहुतेक वेळा घेतलेही. उलट इंडोनेशियातल्या लामालेरात, जिथं देवमाशाची शिकार सगळे मिळून करतात, तिथं निम्म्याहून जास्त दिले गेले. म्हणजे रोजची कामाची रीत खेळात उतरते. आपल्याकडं सावडीनं खुरपणी करणाऱ्या बायका आणि आडतीवर सोयाबीन घालणारे शेतकरी यांच्यात असा फरक दिसेल का, हे मला पाहायचंय.

अडचण अशी की गावात कुणाचं काही लपत नाही. पाकिटं बंद ठेवली तरी संध्याकाळी पारावर 'तू किती दिलेस रे?' होणारच. त्यात सरपंच म्हणतात, ग्रामपंचायतीत बसवा. तिथं त्यांच्यासमोर कोण हात आखडता घेईल? शाळेची खोली बरी वाटते, पण तिथं गुरुजींचा धाक!

कुणी गावात असा प्रयोग घेतलाय का? जोड्या दोन वेगळ्या गावांतल्या लावल्या तर चालेल? आणि रक्कम निम्म्या दिवसाच्या मजुरीएवढी ठेवावी की पुरी रोजंदारी?