शब्दचर्चा : ‘पॅटर्न’साठी मराठीत कोणता शब्द वापरावा?

प्रस्ताव

शिक्षकांसाठीच्या एका हस्तपुस्तिकेचे भाषांतर करताना ‘पॅटर्न’ हा शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर येत आहे आणि दर वेळी ‘आकृतिबंध’ लिहून माझे समाधान होत नाही. संख्यांच्या क्रमातला पॅटर्न, व्याकरणातला पॅटर्न, मुलांच्या चुकांमधला पॅटर्न आणि पाठ घेण्याचा पॅटर्न, या चारही ठिकाणी मूळ लेखकाने एकच शब्द योजला आहे. शालेय गणिताने ‘आकृतिबंध’ रुळवला आहे हे मान्य. परंतु ‘मुलाच्या चुकांचा आकृतिबंध’ असे लिहिले की वाचकाच्या डोळ्यांसमोर एखादे चित्र उभे राहते आणि मुद्दा निसटतो. ‘नमुना’ घ्यावा, तर संख्याशास्त्रात तो पाहणीसाठी निवडलेल्या घटकांना आधीच दिलेला आहे. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १

या अडचणीचे मूळ इंग्रजी शब्दाच्या इतिहासात आहे. ज्याच्याबरहुकूम दुसरी वस्तू घडवायची तो आदर्श, हा ‘पॅटर्न’चा जुना अर्थ, वस्तूंत किंवा घटनांत पुन्हा पुन्हा आढळणारी रचना, हा अर्थ त्याला पुढे जोडला गेला. पहिल्या अर्थाचा पॅटर्न आधी हाती असतो आणि आपण त्यावरून काही करतो; दुसऱ्या अर्थाचा पॅटर्न समोरच्या पसाऱ्यात असतो आणि तो आपल्याला हुडकावा लागतो. शिकण्याचा विचार करताना हा भेद फार मोलाचा आहे, आणि मराठी तो निरनिराळ्या शब्दांनी सहज दाखवू शकते. पहिल्या अर्थासाठी आपल्याकडे ‘कित्ता’ आहे, ‘साचा’ आहे. दुसऱ्या अर्थासाठी मी ‘संगती’ सुचवीन, कारण ‘संगती लागली’ या प्रयोगात शिकणाऱ्याच्या मनात जे घडते ते नेमके उतरते.

मराठी शिकणाऱ्या लहान मुलाचेच उदाहरण घ्या. ‘बसला’, ‘पडला’, ‘धरला’, ‘भरला’ ही रूपे ऐकलेले मूल एके दिवशी ‘केलं’ऐवजी ‘करलं’ आणि ‘मेला’ऐवजी ‘मरला’ म्हणते. ‘करलं’ हे रूप आजूबाजूच्या मोठ्या माणसांच्या तोंडी नसते, म्हणजे मुलाने ते कोणाचे ऐकून गिरवलेले नाही; धातूला ‘ल’ लावून भूतकाळ होतो ही संगती त्याला स्वतःहून लागली आहे आणि ती त्याने जरा जास्तच ताणली आहे. ही चूक ऐकून मला नेहमी आनंद होतो, कारण व्याकरण आत शिरल्याचा याहून स्पष्ट पुरावा शिक्षकाला मिळत नाही. अशा जागी ‘चुकांचा आकृतिबंध’ न लिहिता ‘चुकांमागील संगती’ असे लिहावे.

विषय बदलला तरी हेच दिसते. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बुद्धिबळपटूंना पट सुमारे ५ सेकंद दाखवून मोहरी आठवणीने मांडायला सांगितली होती. खऱ्या डावातील मांडणी असेल तेव्हा निष्णात खेळाडू नवख्यांच्या फार पुढे राहिले. तीच मोहरी कशीही विखुरली, तेव्हा त्यांची ही आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. स्मरणशक्ती मुळातच अधिक असती तर असे झाले नसते. त्यांना सुटी मोहरी दिसत नव्हती, ओळखीचे गट दिसत होते.

राहता राहिला पाठ घेण्याचा पॅटर्न. हा वापर बहुधा वास्तुरचनाकार क्रिस्टोफर अलेक्झांडर यांच्या विचारातून आला असावा. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये २५३ पॅटर्न मांडले. वारंवार उद्भवणारी अडचण आणि तिच्या उपायाचा गाभा, असे प्रत्येकाचे स्वरूप होते. येथे साधा ‘रीत’ हा शब्द पुरेसा आहे.

प्रतिसाद २

वरील भेद मला पटतो. परंतु ‘संगती’ सर्वत्र वापरण्यात एक धोका दिसतो. संगती पाहणारा लावतो, आणि ती चुकीचीही लागू शकते. वर्तुळावर बिंदू घेऊन प्रत्येक जोडी जीवेने जोडली आणि तीन जीवा आत एकाच बिंदूत मिळणार नाहीत अशी काळजी घेतली, तर १, २, ३, ४, ५ बिंदूंसाठी वर्तुळाचे अनुक्रमे १, २, ४, ८, १६ भाग होतात. वर्गातील सगळी मुले पुढचा आकडा ३२ सांगतील. प्रत्यक्षात भाग होतात ३१. दुप्पट होण्याची संगती मुलांना लागली होती, पण ती रचनेत नव्हती. म्हणून गणितात तरी ‘आकृतिबंध’ राखून ठेवावा: वस्तूत खरोखर असलेली पुनरावृत्त रचना म्हणजे आकृतिबंध, आणि शिकणाऱ्याने बांधलेला तिचा अंदाज म्हणजे संगती. सिद्धता दिल्यावरच ‘नियम’ म्हणावे. मुलांना हे तीन शब्द वेगळे मिळाले, तर ३१ पाहून ती गोंधळणार नाहीत, आपला अंदाज कोठे तुटला ते शोधू लागतील.

‘साचा’विषयीही थोडे सांगतो. ‘साचेबद्ध’, ‘साचेबंद’ या शब्दांमुळे त्याला कमीपणाची छटा आली आहे. सुरुवातीला हात बसण्यासाठी शिक्षक जाणीवपूर्वक जे देतो, त्याला ‘कित्ता’च म्हणावे, त्या शब्दात आदर टिकून आहे.

प्रस्तावकाचे उत्तर

दोघांचाही आभारी आहे. भाषांतरात आता संख्याक्रमासाठी ‘आकृतिबंध’, व्याकरण व चुका यांसाठी ‘संगती’, आणि पाठ घेण्यासाठी ‘रीत’ असे ठरवतो. ‘मुलांना पॅटर्न द्या, मग त्यांना पॅटर्न शोधू द्या’ हे मूळ पुस्तिकेतील वाक्य मी दोनदा ‘आकृतिबंध’ घालून लिहिले होते आणि ते मलाच कळत नव्हते. आता ते ‘मुलांना आधी कित्ता द्या, मग संगती त्यांची त्यांना लावू द्या’ असे होईल.