भावमुद्रा पाहताना मेंदूत उमटणारी लहर: एडीएचडीच्या मुलांसाठी ही तपासणी हवी का?

चोपडा, प्राथमिक शिक्षिका
माझ्या चौथीच्या वर्गात एडीएचडीचे (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांच्या विकाराचे) निदान झालेला एक मुलगा आहे. सोबत्याचे डोळे भरून आले तरी हा त्याचे खोडरबर उडवत राहतो आणि मग सगळे त्याला निगरगट्ट ठरवतात. चेहरा दिसल्यावर सुमारे 170 मिलिसेकंदांनी ईईजीवर, म्हणजे मेंदूच्या विद्युत हालचालींच्या आलेखावर, एन170 नावाची लहर उमटते. एडीएचडी असलेल्यांच्या गटात रागीट किंवा आनंदी चेहरे पाहताना ही लहर किंवा तिच्या पुढच्या लहरी वेगळ्या दिसल्याचे काही अभ्यास सांगतात. ही तपासणी जळगाव-धुळ्याला मिळावी, असे माझे ठाम मत आहे. मूल उर्मट नाही, हे आलेख पाहून तरी पालकांना पटेल.

धुळे, ईईजी तंत्रज्ञ
ताई, तळमळ समजते, पण या मागणीला माझा विरोध आहे. ही लहर मोजक्या मायक्रोव्होल्टची असते; कित्येक चेहरे दाखवून नोंदींची सरासरी काढावी, तेव्हा कुठे ती दिसते. पापणी लवली की तिचा ठसा या लहरीच्या कितीतरी पट मोठा उमटतो आणि आपल्याकडच्या मे महिन्यात घाम फुटला की रेघच वाहवत जाते. म्हणजे ज्याला स्थिर बसणे जमत नाही, त्याच्याच नोंदी सर्वाधिक बाद होतात. शिवाय गटांच्या सरासरीत फरक असला तरी दोन्ही गटांतील मुलांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे एकट्या मुलाच्या आलेखावरून काहीच ठरवता येत नाही. ईईजीतील थीटा-बीटा गुणोत्तरावर (संथ आणि जलद लहरींच्या प्रमाणावर) आधारलेल्या उपकरणाला अमेरिकेत 2013 मध्ये निदानास पूरक म्हणून मान्यता मिळाली होती. पण प्रचलित तपासणीची जागा ते घेऊ शकत नाही, असे तेथील मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीने 2016 मध्ये बजावले.

चोपडा, प्राथमिक शिक्षिका
दादा, निदान डॉक्टरांनीच करावे, हे मान्य. पण संशोधन तरी इथे व्हावे, आणि त्यात आपल्या माणसांचे चेहरे असावेत. परक्या चेहऱ्यांवरून आमच्या मुलांची पारख का व्हावी?

नंदुरबार, पालक
माझ्या मुलीचे निदान घरातल्या आणि शाळेतल्या, अशा दोन्हीकडच्या वागण्याची सविस्तर चौकशी करून झाले. तिला राग ओळखता येत नाही असे नाही. तिची नजरच चेहऱ्यावर टिकत नाही. आजी तिची हनुवटी हलकेच धरून अहिराणीत «मनाकडे देख» (माझ्याकडे बघ) म्हणते, तेव्हा ती आजीचा चेहरा अचूक वाचते. चेहरा पडद्यावर समोरच ठेवला, तर हा फरक तुमच्या यंत्राला दिसेल का?