वारंवारता ‘सरकली’ की ‘ढळली’?

रत्नागिरीहून
आयटीआयच्या मुलांसाठी वायरलेस दुरुस्तीचं टिपण मराठीत करतोय. ओपन लूप मॉड्युलेशनमध्ये पीएलएल (वारंवारता म्हणजे फ्रिक्वेन्सी जागेवर धरणारा सर्किटचा लूप) आधी व्हीसीओला (व्होल्टेजप्रमाणे वारंवारता बदलणाऱ्या ऑसिलेटरला) चॅनलवर आणून बसवतं. मग चार्ज पंप (लूपमधला, व्हीसीओचं व्होल्टेज दुरुस्त करणारा भाग) बंद करून लूप सोडायचा आणि डेटा थेट व्हीसीओवर चढवायचा. लूप लावलेलाच ठेवला तर डेटातले मंद बदल तो चूक समजून पुसून टाकतो. लूप सोडल्यावर वारंवारता कधी एकदम उडी मारते, कधी हळूहळू जाते. मी दोन्हीकडे ‘सरकते’ लिहिलं. एका मुलाने विचारलं, “सर, यातलं कुठलं सरकणं? कपॅसिटर बदलू की सप्लाय बघू?” त्याचं बरोबर आहे. दोन शब्द सुचवा.

देवगडहून
हळू जाते ती ‘ढळते’. ध्रुवाला अढळपद मिळालं ते न ढळण्याचंच. क्रिस्टल अढळ, सुटलेला व्हीसीओ ढळता. घरातला शब्द आहे, वापरा.

दापोलीहून
पंचांगवाले संपातबिंदूंच्या सरकण्याला ‘अयनचलन’ म्हणतात. तेही मंदच, वर्षाला सुमारे ५० विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). म्हणून ‘चलन’ घ्यावं. आणि वारंवारता कशाला? मराठी विश्वकोशात ‘कंप्रता’ आहे.

मालवणहून
कंप्रताचलन! मुलगा सोल्डरिंग सोडून शब्दकोश उघडेल. चलन म्हटलं की नोटाच आठवतात. नांगर सुटला की आमच्याकडे ‘होडी व्हावान गेली’ म्हणतात. वाहवणं घ्या, नाहीतर इंग्रजी ‘ड्रिफ्ट’च राहू दे. बाजारात सगळे तेच बोलतात.

दापोलीहून
बाजारात बोलतात म्हणून टिपणात लिहायचं, तर मराठीत शिकवायचंच कशाला?

रत्नागिरीहून
शब्दाने हिशेब समजला पाहिजे. लूप सुटल्यावर व्हीसीओचं व्होल्टेज लूप फिल्टरचा कपॅसिटर धरून ठेवतो. तिथून होणारी करंटची गळती १ नॅनोअँपिअर, कपॅसिटर १० नॅनोफॅरडचा, वेळ ४०० मायक्रोसेकंद. व्होल्टेज ४० मायक्रोव्होल्टने बदलतं. व्हीसीओ व्होल्टला ३० मेगाहर्ट्झ बदलत असेल तर १.२ किलोहर्ट्झ गेले. कपॅसिटर दुप्पट केला की हे निम्म्यावर येतं. उडी मात्र तशीच राहिली, आणि तीही पॉवर अॅम्प्लिफायर चालू होतानाच दिसली, तर सप्लाय दबतोय किंवा व्हीसीओवरचा भार बदलतोय. म्हणून तर दोन शब्द हवेत.

वेंगुर्ल्याहून
‘गळती’लाच माझी हरकत आहे. जुलैत एक बोर्ड आला होता, उन्हाळ्यात ठणठणीत, पावसाळ्यात चॅनल सोडून जाणारा. कपॅसिटर बदलला, व्हॅरॅक्टर (व्हीसीओची वारंवारता बदलणारा डायोड) बदलला, काही फरक नाही. शेवटी लूप फिल्टरभोवती राहिलेला सोल्डरिंगचा फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला, बोर्ड दिव्याखाली वाळवला आणि तो जागेवर राहिला. खाऱ्या दमट हवेत त्या चिकट थरातूनच करंट जात होता. याला गळती कशी म्हणणार? कौलं गळतात, थेंब दिसतो. हा ‘पाझर’.

देवगडहून
पाझर विहिरीला असतो, चांगल्या अर्थाने. इथे ‘झिरप’ म्हणा.

मालवणहून
झिरपायला वरून खाली जावं लागतं. करंट तर पृष्ठभागावरून आडवा जातोय.

दापोलीहून
भिंतीतून आडवंच येतं की पाणी! जांभ्याची भिंत पावसाळ्यात पाझरतेच.

देवगडहून
जांभा पाझरत नाही, ओल धरतो. आमचं घर जांभ्याचं आहे.

रत्नागिरीहून
मंडळी, उडीचं राहिलं.

वेंगुर्ल्याहून
‘ओल धरतो’ म्हणजे पाणी आत राहतं. मग पलीकडच्या पोपड्यांना काय म्हणाल?