घरच्या कॉम्प्युटरची डिस्क इमेज कशाने घ्यावी?

निळी शाई

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात माझ्या कॉम्प्युटरची एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, गेली. आधी कसली कुरकुर नाही, सूचना नाही. रात्री नीट बंद केला, सकाळी चालू केला तर बायोसलाच (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रामला) डिस्क दिसेना. अगदीच गाफील होते असं नाही. कामाच्या फायली दर शनिवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करते, त्यामुळे बुडालं ते चार दिवसांचं काम. रडगाणं त्याचं नाही.

मी घरून पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. दोनशेच्या वर फॉन्ट, त्यातल्या काहींचे इन्स्टॉलर आता कुठेच मिळत नाहीत. मी स्वतः जुळवलेला कीबोर्ड लेआउट, प्रिंटरच्या सेटिंग, शुद्धलेखनाच्या शब्दकोशात अकरा वर्षं एकेक करून घातलेले शब्द. यातलं काहीही मी कॉपी करत असलेल्या फोल्डरांत नव्हतं. फायली एका संध्याकाळी परत आल्या, कॉम्प्युटर मात्र नऊ दिवस परकाच वाटत होता. मधेच एखादा शॉर्टकट दाबायचा आणि भलतंच अक्षर उमटायचं.

म्हणून आता सबंध डिस्कची इमेज ठेवायची आहे. विंडोज ११, नवी एसएसडी ५१२ जीबी, त्यातली १८० जीबी भरलेली. बाहेरची हार्ड डिस्क २ टीबी. फार पूर्वी एका नोकरीत नॉर्टन घोस्टने इमेज घेताना पाहिलं होतं, तो तर २०१३मध्येच बंद झाला म्हणतात. मॅक्रियमची मोफत आवृत्ती सगळे सुचवायचे, तिचे अपडेटही १ जानेवारी २०२४ला थांबले. मग आता काय घ्यावं? विकतचं घ्यायची तयारी आहे, पण नेमकं कशासाठी पैसे मोजतोय ते कळायला हवं. आणि क्लोन म्हणजेच इमेज का?

एकओळी

क्लोनझिला. मोफत, मुक्तस्रोत, पेनड्राइव्हवरून चालतो. पुढचा प्रश्न?

निळी शाई

चालवून पाहिला हो. माउस चालेना, बाणाच्या कळांनी फिरायचं, आणि मधेच विचारतो की कोणती डिस्क कुठे. नावं अशी की माझी कोणती आणि बाहेरची कोणती, फक्त आकड्यांवरून ओळखायचं. चुकून उलटं निवडलं तर? घाबरून बंद केला.

जुना माउस

शाईताई, घाबरलात ते बरंच झालं. माझ्या माहितीतल्या एकाने ते उलटं खरंच निवडलं होतं.

आधी शेवटचा प्रश्न. क्लोन म्हणजे एका डिस्कची हुबेहूब दुसरी डिस्क. जुनी काढून नवी बसवायची असेल त्या दिवशी कामाचा. (क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्क लावून कॉम्प्युटर चालू करू नका, दोघींची ओळख सारखीच असल्याने विंडोज गोंधळतं.) इमेज म्हणजे तीच डिस्क एका मोठ्या फायलीत मिटवून ठेवलेली. २ टीबीच्या डिस्कवर अशा कितीतरी तारखांच्या इमेज मावतात. तुम्हाला हवी ती इमेज.

आता माझी फजिती सांगतो, कारण प्रोग्राम निवडायची माझी पद्धत तिच्यातूनच आली. दोन वर्षं मी दर रविवारी इमेज घेत होतो. प्रोग्राम चांगला होता, हिरवी खूण यायची, मी खूश. मग डिस्क बिघडली. नवी बसवली, त्याच प्रोग्रामचा रेस्क्यू पेनड्राइव्ह (विंडोजशिवाय कॉम्प्युटर सुरू करून इमेज परत उलगडणारा) लावला, तो सुरू झाला, बाहेरच्या डिस्कवरच्या १०४ इमेज त्याला दिसल्या. दिसली नाही ती नवी डिस्क. बायोसमध्ये डिस्कचा कंट्रोलर रेड मोडमध्ये (अनेक डिस्क एकत्र चालवायच्या पद्धतीत) होता आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा छोटा प्रोग्राम, पेनड्राइव्हवर नव्हता. डिस्क एकच असली तरी कारखान्यातून कॉम्प्युटर बरेचदा त्याच मोडमध्ये येतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. शेजारी १०४ इमेज आणि मी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर शोधत बसलेला. दीड दिवस गेला. चूक प्रोग्रामची नव्हती. मी दोन वर्षांत तो पेनड्राइव्ह एकदाही लावून पाहिला नव्हता.

तेव्हापासून मी प्रोग्राम उलट्या टोकाकडून निवडतो. इमेज घेऊन बघतच नाही. आधी त्याचा रेस्क्यू पेनड्राइव्ह बनवतो, माझ्याच कॉम्प्युटरला लावतो, आणि पडद्यावर दोन गोष्टी शोधतो: आतली डिस्क आणि बाहेरची डिस्क. दोन्ही दिसल्या तर पुढचं बोलणं. पेनड्राइव्ह बनवताना त्याच्यावरचं सगळं पुसलं जातं, म्हणून तो रिकामाच घ्या.

तुमच्या कामाला मी वीम एजंट फॉर विंडोज सुचवेन, त्याची मोफत आवृत्ती. कंपनी मुळात मोठ्या सर्व्हरांसाठी काम करणारी आहे, त्यामुळे पडद्यावरची भाषा जरा कार्यालयीन वाटेल. पण विंडोज चालू असतानाच तो इमेज घेतो. ते कसं जमतं हे तुम्हाला तुमच्याच धंद्यातून सांगतो. लेखक मूळ फायलीत खाडाखोड करतच असतो, तरी आपण अमुक वाजताची प्रत गोठवून प्रुफाला देतो ना? विंडोजमध्ये शॅडो कॉपी नावाची सोय हेच करते. तुम्ही टाइप करत राहा, इमेज त्या क्षणाचीच निघते.

पहिली इमेज पूर्ण, नंतर रोज फक्त बदललेला भाग. ठरवलेले दिवस भरले की सगळ्यात जुना भाग मूळ इमेजमध्ये मिसळून टाकतो, म्हणून डिस्क भरून वाहत नाही. मला आवडते ती वेगळीच सोय: बाहेरची डिस्क जोडली की बॅकअप आपोआप सुरू, आणि संपला की डिस्क स्वतःच इजेक्ट. खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या सगळ्या डिस्क कुलूपबंद करतो. इजेक्ट झालेल्या डिस्कपर्यंत तो सहजी पोचत नाही, पण त्यावर विसंबू नका, वायरही काढा. आणि अख्खी डिस्क न उलगडता इमेजमधून एखादी फाईल उचलता येते. खरं सांगायचं तर वर्षातून दहादा गरज पडते ती याचीच.

एक कच्चा दुवा आहे. बदलांची साखळी असल्यामुळे मधली एक कडी खराब झाली की तिच्या पुढचे दिवस निकामी होतात. म्हणून दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या एखाद्या डिस्कवर नव्याने पूर्ण बॅकअप घ्या आणि ती डिस्क घराबाहेर ठेवा.

क्लोनझिलाशी माझं भांडण नाही, लिनक्सच्या डिस्कसाठी मी तोच वापरतो. पण त्यासाठी काम थांबवून कॉम्प्युटर बंद करावा लागतो, रोजचे फक्त बदल तो घेत नाही, आणि मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर एरवी इमेज उलगडत नाही. दर वेळी तास घालवायचा असेल तर माणूस तिसऱ्या महिन्यात बॅकअप सोडून देतो. तोच गाभा पण माउसने चालणारा हवा असेल तर रेस्क्यूझिला बघा, क्लोनझिलाच्या इमेज त्याला वाचता येतात. मात्र त्यांपैकी काहीही वापरण्याआधी शिफ्टची कळ दाबून ठेवून शट डाउन करा. एरवी फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पुरतं बंदच होत नाही, अर्धवट झोपतं, आणि सी ड्राइव्ह बाहेरून नीट वाचता येत नाही.

कंट्रोल पॅनेलमधली विंडोजची स्वतःची सिस्टिम इमेज वापरू नका. मायक्रोसॉफ्टनेच २०१७मध्ये तिला मोडीत निघालेल्या सोयींच्या यादीत टाकलं आणि दुसऱ्यांचे प्रोग्राम वापरा असं सांगितलं.

पैसे कशासाठी मोजायचे? सोप्या पडद्यासाठी, कंपनीच्या क्लाउडवरच्या जागेसाठी, आणि अडल्यावर कुणाला तरी विचारता यावं म्हणून. तिसरं कारण मला पटतं, दुसरं अजिबात नाही.

डावा स्लॅश

मला हे सगळं जरा अती वाटतं. विंडोज तासाभरात नवं बसतं, फायली वनड्राइव्हमध्ये असतात. इमेज घेतली तर जुना कचराही सोबत येतो. मी तीन वर्षांत एकदाही इमेज घेतली नाही.

जुना माउस

तुमच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर आणि दोन खेळ असतील तर तुमचं बरोबर आहे. शाईताईंचे नऊ दिवस विंडोज बसवण्यात गेले नव्हते. आणि वनड्राइव्ह तुमची प्रत दुसरीकडे ठेवतं तशी तुमची चूकही तिकडे नेतं. इथे पुसलेली फाईल तिथूनही जाते, ती ठरावीक दिवस कचरापेटीत पडून असते एवढंच.

कुलूपकिल्ली

एक राहिलं. नव्या विंडोज ११ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन केलं की बरेचदा न विचारताच डिस्क एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही. सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहा. असेल तर बाहेरून, म्हणजे पेनड्राइव्हवरून, इमेज घेणाऱ्या प्रोग्रामला आतलं काही कळत नाही. तो रिकाम्या जागेसकट डिस्कचा प्रत्येक सेक्टर (छोटा तुकडा) उचलतो, म्हणजे १८० जीबीसाठी ५१२ जीबीची इमेज, आणि ती दाबून लहानही होत नाही. विंडोजच्या आतून घेतली तर उलट: इमेज उघडीच निघते. मग बॅकअपलाच पासवर्ड लावा, आणि परत उलगडल्यावर एन्क्रिप्शन पुन्हा चालू करा. एन्क्रिप्शन उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की आत्ताच कागदावर लिहून ठेवा. ती त्याच कॉम्प्युटरवर ठेवणारे लोक मी पाहिलेत.

निळी शाई

सगळ्यांचे आभार. रविवारी बसलेच.

पेनड्राइव्ह बनवला, लावला. माउसराव, आतली डिस्क दिसली, बाहेरची दिसेना! पंधरा मिनिटं पोटात गोळा. मग वायर पुढच्या यूएसबीतून काढून मागच्या यूएसबीत लावली, तर दिसली. का ते ठाऊक नाही, पण पेनड्राइव्हवर 'मागचं भोक' असं चिकटवून ठेवलंय. एन्क्रिप्शन खरंच चालू होतं, मी कधी लावलं नव्हतं. की कागदावर उतरवली, अंक दोनदा ताडून पाहिले (प्रुफं वाचायची सवय).

पहिली इमेज ११८ जीबीची झाली, ४१ मिनिटं लागली. तेवढ्यात मी एका प्रकरणाची पानं लावून टाकली, कॉम्प्युटर जरा जड चालला इतकंच. मग धीर करून भावाची १ टीबीची रिकामी एसएसडी मागून आणली, माझी काढून ठेवली आणि तिच्यावर सगळं उलगडलं. डेस्कटॉप आला, फॉन्ट मोजले, २१४च्या २१४. शब्दकोश जागेवर. नव्या डिस्कवरची उरलेली जागा सी ड्राइव्हला जोडता येईना, मधे रिकव्हरीचं छोटं पार्टिशन (डिस्कचा वेगळा कप्पा) आडवं येतं. पण ती डिस्क परतच द्यायची होती, म्हणून सोडून दिलं.

एक मात्र खटकलं. मांडणीच्या एका प्रोग्रामने परवाना पुन्हा मागितला. सगळं हुबेहूब आहे तर त्याला कळलं कसं?

जुना माउस

काही प्रोग्राम परवाना डिस्कच्या सीरियल नंबरशी बांधतात. तो नंबर डिस्कच्या आत कोरलेला असतो, इमेजमध्ये येत नाही. तुमची मूळ डिस्क परत बसवली की तो गप्प होईल. पण खरोखर डिस्क बदलायची वेळ आली आणि जुनी अजून चालत असेल, तर आधी त्या प्रोग्राममधून परवाना सोडून घ्या. ती अचानक मेलीच तर कंपनीला लिहावं लागेल, म्हणून खरेदीची पावती आणि परवान्याचा नंबर त्या ४८ अंकांच्या कागदावरच उतरवून ठेवा.

मागच्या भोकाचं म्हणाल तर पुढचे पोर्ट बहुधा वेगळ्या चिपवर असतील आणि तिचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर नसेल. पेनड्राइव्ह बनवताना या कॉम्प्युटरचे ड्रायव्हर सोबत घ्यायचा पर्याय असतो, त्यावर टिक करून पुन्हा बनवून बघा.

निळी शाई

टिक केली. आता पुढूनही दिसते. चिकटवलेली पट्टी मात्र तशीच राहू देते. लॅपटॉपचं पुढच्या रविवारी.