यूएफडब्ल्यूत बंद असलेला पोर्ट बाहेरून उघडा दिसतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी डिचोलीची. आमच्या गावच्या वाचनालयासाठी एक छोटं वेब ॲप लिहिलंय: पुस्तकांची यादी, देवघेव, सभासदांची वर्गणी. चवथीआधी सुरू करून देते असं समितीला सांगून बसले आहे. सर्व्हर भाड्याचा, उबुंटू २४.०४. त्यावर डॉकर कंपोजने (प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, ॲप आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस असे ३ कंटेनर चालतात.

फायरवॉलसाठी यूएफडब्ल्यू. आधी एसएसएचचा (दुरून सर्व्हरवर लॉगिन करण्याचा) २२ उघडला, मग वेबसाठी ८० आणि ४४३, बाहेरून येणारं बाकी सगळं बंद, आणि त्यानंतरच फायरवॉल चालू केली. स्टेटसमध्ये तेवढेच ३ पोर्ट दिसतात.

परवा रात्री मोबाइलच्या डेटावरून सहज पोस्टग्रेसचा ५४३२ पोर्ट तपासला, तर उघडा! लॅपटॉपवरून डेटाबेस बघता यावा म्हणून कंपोजच्या फाइलीत '५४३२:५४३२' लिहिलं होतं, ते तसंच राहिलं. यूएफडब्ल्यूत ५४३२ ला डिनाय लावला, तरी काही फरक नाही. सगळ्या सभासदांची नावं, पत्ते, फोन नंबर त्यात आहेत. त्यांतल्या कित्येकांनी मला शाळेत शिकवलंय. कंटेनर लगेच थांबवला, पण तेव्हापासून जिवाला चैन नाही.

आणखी एक. एसएसएच फक्त घरच्या आयपीला ठेवावं म्हटलं, तर पावसात वीज जाते, राउटर पुन्हा सुरू होतो आणि आयपी बदलतो. मग मीच बाहेर. यावर तुम्ही काय करता?

प्रतिसाद, मडगावहून

ताई, यूएफडब्ल्यू बिघडलेलं नाही, त्याच्यापर्यंत ते पॅकेट पोचतच नाही. तुमचे नियम इनपुट साखळीत बसतात. डॉकर मात्र पोर्ट प्रकाशित करताना नॅट टेबलात स्वतःचा नियम घालतं. पॅकेटचा पत्ता तिथेच बदलून कंटेनरचा होतो आणि ते फॉरवर्डच्या वाटेने जातं. म्हणून तुमचा डिनाय लागूच झाला नाही.

पोर्ट्सची ती ओळच काढून टाका. ॲप आणि पोस्टग्रेस एकाच कंपोज नेटवर्कमध्ये आहेत, त्यामुळे ॲपला सर्व्हिसच्या नावाने डेटाबेस सापडतो. लॅपटॉपवरून बघायचंच असेल तर '१२७.०.०.१:५४३२:५४३२' लिहा (म्हणजे पोर्ट फक्त सर्व्हरच्या आतूनच उघडा) आणि एसएसएच टनेलमधून जा. डॉकर २८ च्या आधीचं असेल तर अपडेट करा. जुन्यात असा पोर्टसुद्धा त्याच स्थानिक नेटवर्कमधल्या शेजारच्या मशीनला गाठता येत असे.

डॉकरचं आयपीटेबल्स (डॉकर स्वतः घालतं ते फायरवॉलचे नियम) बंद करा असा सल्ला जागोजागी मिळेल, तो ऐकू नका. कंटेनरचं बाहेरचं इंटरनेट जातं. त्यापेक्षा सर्व्हर देणाऱ्याच्या पॅनेलमधली फायरवॉल लावा. ती मशीनच्या बाहेर असते, डॉकरचा हात तिथे पोचत नाही.

एसएसएचसाठी वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे सर्व्हरपर्यंतचा सुरक्षित बोगदा. बाहेर यूडीपी ५१८२० एवढाच उघडा, २२ फक्त त्या बोगद्यातून. ओळखीची चावी नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, आणि घरचा आयपी कितीही वेळा बदलला तरी अडत नाही. बोगदा चालतोय याची खात्री झाल्यावरच २२ बंद करा. राउटरला मिळालेला आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर बाहेर दिसणारा आयपी इतर ग्राहकांसोबत वाटलेला असतो, तेव्हा त्याला परवानगी देण्यात तसाही अर्थ नव्हता.

आणि हे आधी करा: थांबवलेल्या कंटेनरचे लॉग फाइलीत उतरवून घ्या. ओळ बदलून कंपोज पुन्हा चालवलंत की कंटेनर नव्याने बनतो, जुने लॉग जातात.

धागाकर्ती

दादा, लॉगचं सांगितलंत ते फार बरं झालं, मी थेट कंपोजच चालवणार होते. उतरवून घेतले. ओळ काढली, पासवर्ड बदलला, पॅनेलमध्येही फक्त ८०, ४४३ आणि ५१८२० ठेवले. मोबाइलवरून ५४३२ आता लागत नाही.

लॉगमध्ये 'पोस्टग्रेस' या नावाने चुकीच्या पासवर्डचे प्रयत्न ओळीने दिसतात, मध्यरात्रीनंतरचे. कोणी आत शिरलं का, ते मात्र त्यातून कळणार नाही. यशस्वी जोडण्यांची नोंद पोस्टग्रेस आपणहून ठेवत नाही आणि मी ती चालू केली नव्हती. आता केली आहे. रविवारी समितीची बैठक आहे, तिथे हे सगळं जसं घडलं तसं सांगणार आहे. सभासदांना कळवायचं पत्र लिहायला घेतलंय. असं पत्र कोणी लिहिलं असेल तर त्यात काय काय घातलंत, ते सांगाल का?