प्रभू लवकर येणार, मग अभ्यास कशाला?

ओंबी (धागा सुरू करणारी)

सर्वांना सलाम.

गेल्या रविवारी चर्चमधल्या तरुण संघाचा वर्ग सुटल्यावर एक मुलगी मागे थांबली. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने पिशवीतून वही काढून माझ्यापुढे धरली. औषधांच्या मात्रांची गणितं होती, अर्ध्या पानावर थांबलेली. म्हणाली, "ताई, महिना झाला, याच्यापुढे गेलेच नाही. प्रभू येशू परत इतक्या लवकर येणार असेल तर हे शिकायचं कुणासाठी?"

चेष्टा नव्हती ती. ही मुलगी रात्र रात्र भाकितांचे व्हिडिओ बघते. युद्धाची बातमी आली की बायबल उघडून ताडून पाहते. झोप उडाली आहे तिची. तिथल्या तिथे मला उत्तर सुचलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

घरी येऊन बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १५ काढला. शेवटचा कर्णा, मेलेले उठणं, मरणाची नांगी मोडणं, सगळं तिथे आहे. एवढं सांगून झाल्यावर पत्र लिहिणारा प्रेषित पौल काय म्हणतो? "म्हणून" स्थिर राहा, प्रभूच्या कामात वाढत जा, तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. आणि लगेच सोळावा अध्याय: वर्गणीविषयी! दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं, यरुशलेमेतल्या गरजू बांधवांसाठी. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आहे. पौलाच्या पत्रात मध्ये रेघ नव्हती. कर्णा आणि वर्गणी त्याने एका दमात सांगितली.

माझं म्हणणं एवढंच आहे. येणाऱ्या प्रभूची वाट पाहणं आणि आजचं काम नीट करणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. देह उठणार असेल तर देहाची शुश्रूषा वाया जात नाही. आपण मुलांना आशा शिकवतो की भीती, हे मला या धाग्यात विचारायचं आहे.

जागल्या

ओंबीताई, तुमच्या कळकळीबद्दल शंका नाही. पण तुमचं दुखणं मला नेमकं उलटं दिसतं. कित्येक मंडळ्यांत (चर्चमध्ये) वर्षभरात द्वितीयागमनावर, म्हणजे प्रभूच्या परत येण्यावर, एकसुद्धा उपदेश होत नाही. म्हणून तर पोरं व्हिडिओंकडे जातात. बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या शेवटच्या एका अध्यायात प्रभू तीनदा म्हणतो, "मी लवकर येतो." तीनदा! ते आपण मऊ करून "काम करत राहा"पर्यंत आणून ठेवलं, तर मूळ शब्दाचं काय उरलं?

भीतीचं म्हणाल, तर येशूच्या दहा कुमारींच्या दाखल्यात वर येतो तेव्हा तयार नसलेल्या कुमारींना दार बंद होतं. ते दार मी उघडं ठेवू शकत नाही, तुम्हीही नाही. आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रात स्पष्ट आहे की सृष्टितत्त्वं तप्त होऊन लयाला जातील. जे जळणार त्याची डागडुजी किती करायची? त्या मुलीने शिकू नये असं मी मुळीच म्हणत नाही. पण तिच्या अस्वस्थतेला आजार समजू नका. झोपलेल्यांच्या घरात एकटीच जागी असेल ती.

तिसरा बाक

मी आता विश्वासात नाही, पण वाढलो मंडळीतच. म्हणून बोलतो.

हे "लवकर" दोन हजार वर्षं चाललं आहे. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी प्रभू येण्याचा म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. काही शेतकऱ्यांनी उभं पीक काढलं नाही, काढणं म्हणजे अविश्वास ठरला असता. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. रेडिओवरच्या हॅरॉल्ड कॅम्पिंग या उपदेशकाने २१ मे २०११ सांगितला. तो गेल्यावर त्याच वर्षीचा २१ ऑक्टोबर.

माझ्या वडिलांनी अशाच एका उपदेशकाच्या तारखेवर भरवसा ठेवून राजीनामा दिला. शाळेची फी भरायची होती, आई पावती पुस्तकातून काढून परत परत बघत होती. तारीख गेली. सांगणाऱ्याला नवी तारीख मिळाली, वडिलांना नोकरी परत मिळाली नाही. त्यानंतर ते घरात प्रार्थनेला बसत, पण मोठ्याने कधी बोलले नाहीत. तेव्हा जागल्यासाहेब, "जागं राहणं" कुणाच्या खर्चाने होतं तेही सांगा.

जागल्या

तुमच्या घरावर जे ओढवलं त्याचं मनापासून दुःख आहे. तारीख सांगणं हा अपराधच आहे. तो दिवस आणि ती घटका दूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला ठाऊक, असं मत्तय २४:३६ सांगतं. तारीख सांगणारा स्वतःला पुत्राच्या वर बसवतो. याच्यात मी कुणाची बाजू घेणार नाही.

पण खोटं नाणं चालवणारे निघाले म्हणून खरं नाणं फेकून देत नाहीत. प्रभू केव्हाही येईल असं धरून जगणारा माणूस हात बांधून बसतो, हेही खरं नाही. इंग्लंडमधले समाजसुधारक लॉर्ड शाफ्ट्सबरी द्वितीयागमनाची अगदी अक्षरशः वाट पाहणारे होते. १८४२ मध्ये कोळशाच्या खाणींत बायका, मुली आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना जमिनीखाली राबवण्यावर बंदी आली, तो कायदा त्यांनीच रेटला. धन्याला हिशेब द्यायचा आहे, तोही कदाचित उद्याच, हे ज्याला पटलं त्याला खाणीतल्या पोराकडे पाठ फिरवता येत नाही. तेव्हा ओंबीताई, माझा आग्रह आणि तुमचं काम यांचं वैर नाही. फक्त घाई माझ्याकडे आहे. ती सोडायला मी तयार नाही.

कोवळं पान

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर म्हणाले होते ना, उद्या जगाचा अंत आहे हे कळलं तरी मी आज सफरचंदाचं झाड लावीन? त्या मुलीला एवढं सांगितलं तरी पुरे.

पानोपानी

कोवळं पान, वाक्य गोड आहे, पण ल्यूथरच्या लेखनात ते सापडत नाही. त्याच्या नावावर ते छापील-लेखी रूपात दिसतं ते विसाव्या शतकात, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाकडे. मुलांना सांगायचंच तर यिर्मया संदेष्ट्याचं शेत सांगा, ते शास्त्रात आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलेला, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, नगर पडणार हे त्यानेच सांगितलेलं. अशा वेळी तो अनाथोथमधलं शेत सतरा शेकेल रुपं तोलून विकत घेतो. खरेदीखत करतो, साक्षीदार घेतो, खत मातीच्या भांड्यात ठेवायला लावतो, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. (अध्याय ३२. हा अध्याय आपल्याकडे इतका कमी का वाचला जातो, मला कळत नाही.)

जागल्या, पेत्राच्या ज्या वचनावर तुम्ही उभे आहात तिथे एक पाठभेद आहे. ३:१० च्या शेवटी पृथ्वी आणि तिच्यावरची कामं "जळून जातील" असा पाठ काही हस्तलिखितांत आहे. सीनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन्ही जुन्या प्रतींत मात्र क्रियापद "सापडतील", म्हणजे उघडी पडतील, असं आहे. अग्नी आहेच. पण तो सोनाराच्या मुशीतला की चितेतला, हा प्रश्न उरतो. त्याच अध्यायात जलप्रलयाने तेव्हाच्या जगाचा नाश झाला असंही म्हटलंय, आणि नोहा तारवातून उतरला तो याच जमिनीवर.

भांडण जुनं आहे, हेही सांगून ठेवतो. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन, ख्रिस्त परत येऊन पृथ्वीवर हजार वर्षं राज्य करील यावर ठाम होता, तरी शुद्ध विश्वासाचे पुष्कळ जण तसं मानत नाहीत हे त्याने मोकळेपणाने लिहून ठेवलं. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप दिओनिसियस याच प्रश्नावर फुटलेल्या गावांत गेला आणि विरुद्ध मताच्या लोकांबरोबर तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसला. नंतर त्यांच्या सत्यप्रेमाची त्याने स्तुती केली. मरीची साथ आली तेव्हा आजाऱ्यांची सेवा करता करता त्यांच्याबरोबर मेलेल्या बांधवांविषयीही याच दिओनिसियसने लिहिलं आहे.

तेलवात

बराच वेळ लिहू की नको करत होते.

ओंबीताई, तुमचं उत्तर बरोबर आहे, पण ते धडधाकट माणसाचं आहे. माझी आई सहा वर्षं अंथरुणावर होती. पक्षाघाताने उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरला होता, "ये." पाणी हवं असलं तरी "ये", कूस बदलायची असली तरी "ये." पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी तिला वळवायचं, उशी गुडघ्यांच्या मध्ये सरकवायची, चादरीची सुरकुती हाताने सपाट करायची. संध्याकाळी मी प्रकटीकरणाचं शेवटचं पान वाचायची. "आमेन, ये प्रभू येशू" वर आले की तीही म्हणायची, "ये." इतर वेळी त्या शब्दाबरोबर तिचा डावा हात माझ्याकडे यायचा. तेव्हा हात यायचा नाही. ती छताकडे बघायची.

आईकडे प्रभूसाठी करण्याजोगं कोणतंच काम उरलं नव्हतं. मग ती विश्वासू नव्हती का? दमलेल्या माणसाला कुणी "काम करत राहा" म्हटलं की वाटतं, यांना प्रभू यायला उशीर झाला तरी चालणार आहे. मला चालणार नव्हता. मी त्या सहा वर्षांत रोज म्हणत होते की आज ये. जागल्यादादांची घाई मला कळते. पण दादा, ज्या मुलीला झोप लागत नाही तिची घाई माझ्या आईसारखी नाही. आईला कोण येणार हे ठाऊक होतं. त्या मुलीला फक्त काय काय होणार तेवढंच सांगितलंय कुणीतरी.

ओंबी

तेलवात, तुमचा प्रतिसाद वाचून मी उठून गेले, मग परत येऊन पुन्हा वाचला. तुमचं खरं आहे. मी श्रमाबद्दल बोलले आणि कण्हणं विसरले. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सगळी सृष्टी कण्हते, आपणही कण्हतो, शरीराच्या मुक्तीची वाट पाहतो. ते कण्हणंही विश्वासूपणच आहे. तुमच्या आईने "ये" म्हटलं, तेवढी प्रार्थना माझ्या वर्गात कुणाला येत नाही, मलाही नाही. धागा सुरू करताना मी जे "एवढंच" म्हटलं होतं, ते तेवढंच नव्हतं.

तरी दादा, एका गोष्टीवर मी हटत नाही. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (४:१७) आपण अंतराळात प्रभूला "सामोरे" जाऊ असं आहे. पृथ्वी सोडून निघून जाणं, असाच त्याचा अर्थ मुलांना सांगितला जातो. मूळ ग्रीक शब्द अपान्तेसिस. नव्या करारात तो आणखी दोन ठिकाणी येतो. एकदा कुमारी वराला सामोऱ्या जातात, आणि वराबरोबर मेजवानीला आत येतात. दुसऱ्यांदा रोममधले बंधू पौलाला भेटायला अप्पियाच्या पेठेपर्यंत जातात, आणि त्याच्याबरोबर रोमला परततात. येणाऱ्याला घेऊन यायला वेशीबाहेर जाणं ते हे. प्रकटीकरण २१ मध्येही नवी यरुशलेम वरून खाली उतरते. ज्या घरात धनी उतरणार ते घर झाडायचं की सोडायचं?

जागल्या

शब्दाचा अर्थ मान्य. पण एका शब्दावरून परतीची दिशा ठरत नाही. पौल त्या वचनात पुढे कुठे हे सांगतच नाही, फक्त "सदासर्वदा प्रभूजवळ" म्हणतो. आणि योहान १४ मध्ये प्रभू म्हणतो की मी तुम्हांला आपल्याजवळ घेईन. पाठभेदाचं पानोपानींनी सांगितलं ते तपासून बघतो. तूर्त माझं मत बदललेलं नाही.

तेलवातताई, "कोण येणार" हे तुमचे शब्द मात्र लागले. मी इतकी वर्षं शेवटाच्या खुणांवर शिकवलं, युद्धं, भूकंप, प्रकटीकरणातल्या श्वापदाचा आकडा ६६६. वर्गातली किती मुलं त्यानंतर आनंदाने घरी गेली, हे कधी पाहिलं नाही.

तिसरा बाक

मी अजून बाहेरच आहे. पण माझ्या वडिलांना त्या काळात यांतलं एक जरी कुणी शेजारी बसून सांगितलं असतं, तर ते निदान प्रार्थनेत मोठ्याने बोलले असते.

ओंबी

बसायला हवं होतं आमच्यापैकी कुणीतरी. हे तुमचं आमच्याकडे येणं आहे, आम्ही फेडलेलं नाही.

पुढच्या रविवारी वर्गात थेस्सलनीकाकरांस पत्र घेणार आहे. त्या मुलीला आधीच बोलावलंय, वही घेऊन ये म्हटलंय. मात्रांची गणितं मला येत नाहीत, पण संघातल्या एक निवृत्त सिस्टर तिच्याबरोबर बसायला तयार आहेत. दादा, तुमचा आक्षेप मी मुलांपुढे तुमच्याच शब्दांत मांडेन, चालेल ना?

जागल्या

चालेल. पण सतराव्या वचनावर थांबू नका. अठरावं वाचा, या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा म्हणतो तो. मीही ते नेहमी घाईत सोडून देतो.